उमेदवारीतले रविवार

‘इंटर्नशिप’ हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. त्यासाठी मराठीत एक जुना शब्द आहे : उमेदवारी. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर उमेदवारी करूनच पूर्वी माणूस आपल्या धंद्यात उभा राही. या शब्दात ‘उमेद’ दडलेली आहे म्हणून मला तो अधिक जवळचा वाटतो आणि या लेखात मी तोच वापरणार आहे.

आपल्या बडोद्याला परदेशी शिक्षण नवीन नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा अशी संधी लाखात एखाद्याला मिळे. आज इंजिनिअरिंगच्या किंवा विज्ञानाच्या तिसऱ्या वर्षातली मुले-मुली उन्हाळ्याच्या सुटीत दोन-तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठी जर्मनीला, फ्रान्सला, जपानला जाऊन येतात. निघताना घरात काय धांदल उडते ते वाचकांना ठाऊक आहेच. व्हिसाचे कागद, विम्याचे कागद, लहानसा कुकर, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकुटाचा डबा. आई सामानाचे वजन करते आणि वडील पैशांचा हिशेब.

मात्र एका गोष्टीची तयारी कोणीच करून देत नाही, ती म्हणजे रिकाम्या वेळेची. तीन महिने म्हणजे सुमारे तेरा आठवडे. त्यांत सव्वीस शनिवार-रविवार आले आणि कामाच्या दिवसांच्या पासष्ट संध्याकाळी आल्या. कामाचे तास कसे भरायचे हे संस्था सांगते. या उरलेल्या तासांचे काय करायचे, हे वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला परक्या गावात एकट्यानेच शोधावे लागते. माझ्या मते उमेदवारीचे निम्मे यश या शोधावरच अवलंबून असते.

हे मी एका उदाहरणाच्या आधाराने सांगते. दांडिया बाजारातील आमच्या शेजारची एक मुलगी मागच्या उन्हाळ्यात जर्मनीतील ड्रेस्डेन येथे एका संशोधनसंस्थेत तीन महिने राहून आली. मुलगी हुशार, कष्टाळू, थोडी अबोल. परत आल्यावर तीन-चार संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली आणि मनमोकळेपणाने बोलली. प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल तिने अर्ध्या तासात सगळे सांगून टाकले. बाकीचा सारा वेळ ती सांगत होती त्या गोष्टी संध्याकाळच्या आणि सुटीच्या दिवसांच्या होत्या.

जर्मन माणसाच्या बोलण्यात ‘फायरआबेंट’ हा शब्द वारंवार येतो. दिवसाचे काम संपले की जी मोकळी संध्याकाळ सुरू होते तिचे हे नाव. हात पुसून, दिवा मालवून निघताना सहकारी एकमेकांना चांगल्या ‘फायरआबेंट’च्या शुभेच्छा देतात. सकाळी आठला येणारी माणसे पाच वाजता खरोखरच उठतात आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. जूनमध्ये त्या प्रदेशात सूर्य मावळतो तो रात्री सव्वानऊच्या सुमाराला. म्हणजे काम संपल्यावरही चार तास लख्ख उजेड. आपल्याकडे पाच-सहा वाजता दिवस कलतो, दिवेलागण होते, माणूस आपसूक घराकडे वळतो. तिथे दिवस कलतच नाही. पहिल्या पंधरवड्यात या उजेडाचीच तिला भीती वाटे. खोलीवर येऊन घरी फोन करावा तर साडेतीन तासांच्या फरकाने इकडे नऊ-साडेनऊ वाजलेले. दहा मिनिटांत बोलणे आटपे. मग खिडकीबाहेर उन्हात हसत-बोलत चाललेली माणसे दिसत राहत आणि आपण या सगळ्याच्या बाहेर आहोत असे तिला वाटे.

पहिला रविवार तर तिला पुरता अनोळखी होता. ती शनिवारी रात्री पोहोचलेली. सकाळी पिशवी घेऊन भाजी आणायला निघाली, तर रस्ते ओस आणि दुकानांना कुलपे. कर्फ्यू लागला की काय, अशी शंका तिच्या मनात येऊन गेली. शेवटी रेल्वे स्टेशनातल्या दुकानात पाव मिळाला आणि तो मेतकुटाशी खाऊन तिने तो दिवस काढला.

हा काही त्या गावापुरता रिवाज नाही. १९१९ सालच्या वायमार घटनेत असे कलम होते की रविवार आणि सार्वजनिक सुट्या हे विश्रांतीचे व मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. १९४९ साली पश्चिम जर्मनीची नवी घटना झाली तेव्हा तिच्या १४०व्या कलमाने ते कलम जसेच्या तसे स्वीकारले आणि आज ते सगळ्या जर्मनीला लागू आहे. दुकाने बंद ठेवण्याचा कायदा १९५६ सालचा. २००६ नंतर त्याचे अधिकार प्रांतांकडे गेले, कामाच्या दिवसांच्या वेळा सैल झाल्या. रविवार मात्र बहुतांशी तसाच राहिला. स्टेशनातली दुकाने, पेट्रोल पंप, काही पाववाले आणि पाळीने उघडी राहणारी औषधांची दुकाने एवढाच काय तो अपवाद. त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचे यंत्र चालवायचे नाही, इतकेच काय, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळखळाट होतो. धर्माच्या उपवासासारखा हा शांततेचा उपवास सगळे गाव पाळते.

या शांततेपासून सुटका करून घेण्यासाठी आमच्या मुलीने जो मार्ग काढला, तो आपल्या घरांतल्या कोणत्याही गुणी मुलीने काढला असता. ती रविवारीही प्रयोगशाळेत जाऊन बसू लागली. घरी फोनवर सांगितले की वडील खूश होत. “फिरायला पाठवलेलं नाही, शिकायला पाठवलंय,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. तिसऱ्या सोमवारी तिच्या मार्गदर्शक बाईंनी सहज विचारले, काल काय पाहिलेस? इथेच काम करत होते, असे तिने थोड्या अभिमानानेच सांगितले. शाबासकीची अपेक्षा होती. बाई गंभीर झाल्या. “हे यंत्र तुमच्याकडेही असेल,” त्या म्हणाल्या. “मग ड्रेस्डेनला कशासाठी आलीस?” त्या देशात १९९४ सालचा कामाच्या तासांचा कायदा आहे आणि रविवारी काम करणे हा नियम नसून अपवाद आहे. बाईंच्या बोलण्यात कायद्याचा धाक मात्र नव्हता. ही मुलगी काहीतरी गमावते आहे, याची ती काळजी होती.

त्या सोमवारपासून तिची दुसरी उमेदवारी सुरू झाली.

जर्मन माणसाचा फावला वेळ आपल्यासारखा अघळपघळ नसतो. ओट्यावर बसलो, चार माणसे जमली, चहा झाला, असे तिथे सहसा घडत नाही. चहाला यायचे तरी आधी दिवस आणि तास ठरवावा लागतो. फावल्या वेळाचीही तिथे संस्था असते. तिला ‘फेराइन’ म्हणतात, म्हणजे आपले मंडळ. गाण्याचे मंडळ, बुद्धिबळाचे मंडळ, कबुतरे पाळणाऱ्यांचे मंडळ. सात सभासद जमले की कायद्याने मंडळाची नोंदणी करता येते आणि अशी नोंदलेली मंडळे त्या देशात सहा लाखांच्या आसपास आहेत. बाहेरून आलेल्याला या बंद दारांची भीती वाटते. एकदा दार उघडले की मात्र खुर्ची मिळते, आणि पुढच्या आठवड्यात आपण गेलो नाही तर कोणीतरी चौकशी करते.

तिला दार उघडले ते एका बागेचे. तिच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंची गावाबाहेर छोटीशी बाग होती. अशा बागांची तिकडे मोठी परंपरा आहे. ड्रेस्डेनहून फार दूर नसलेल्या लाइप्त्सिक शहरात १८६४ साली डॉ. श्रेबर यांच्या नावाने एक मंडळ निघाले. मुलांना खेळायला मोकळे मैदान असावे, हा मूळ हेतू. मैदानाच्या कडेने भाजीचे वाफे आले, वाफ्यांच्या बागा झाल्या, आणि पुढे शहरातल्या सदनिकांत कोंडलेल्या कुटुंबांना जमिनीचा एकेक तुकडा खंडाने देण्याची पद्धत देशभर पसरली. १९८३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार बाग चारशे चौरस मीटरांपेक्षा मोठी नसावी, आतली झोपडी चोवीस चौरस मीटरांपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यात कायम राहता येत नाही. बाग आहे ती हात मळवण्यासाठी आणि सावलीत बसण्यासाठी.

वृद्ध बाईंचे गुडघे दुखत. आमच्या मुलीने तण काढून देण्याची तयारी दाखवली. जुलैमध्ये तिथे करवंदासारख्या आंबट, लालचुटुक फळांचे घोस लागतात. ती फळे काढायची, साखर घालून शिजवायची, बरण्यांत भरायची. एक बरणी कामाचा मोबदला. पुस्तकातून न शिकलेली जर्मन भाषा ती त्या वाफ्यांत शिकली. तण, कुदळ, गोगलगाय, पाऊस, सावली, पुरे, अजून थोडे, असे ते शब्द होते. “काकू, माझ्या रिपोर्टमध्ये यातला एकही शब्द नाही,” ती हसून म्हणाली, “पण आज आठवतात ते हेच.”

दुसरे दार तिच्या पायांनी उघडले. मे २०२३ मध्ये जर्मनीत एक मासिक तिकीट निघाले. जलद लांब पल्ल्याच्या गाड्या सोडल्या तर देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम आणि बस त्यावर चालतात. आरंभी ते ४९ युरोंना होते, पुढे किंमत वाढली. संस्थेत जाण्या-येण्यासाठी तिला ते घ्यावेच लागले होते. मग रविवारच्या प्रवासाला वेगळा पैसा पडत नव्हता. ड्रेस्डेनमधून एल्ब नदीच्या काठाकाठाने जाणारी लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत राटेन नावाचे लहानसे स्टेशन येते. तिथे पलीकडे नेणारी नाव तारेला बांधलेली असते आणि इंजिनाशिवाय, केवळ प्रवाहाच्या जोरावर ती पैलतीराला लागते. पलीकडे वालुकाश्माचे सुळके आहेत. नदीपासून जवळजवळ दोनशे मीटर उंच असलेल्या त्या जागेला बास्ताय म्हणतात. सुळक्यांना जोडणारा सात कमानींचा दगडी पूल १८५१ साली बांधलेला आहे. आपल्या पावागडाची सवय असलेल्या पायांना ती चढण जड गेली नाही.

या डोंगराळ भागाचे नाव आहे ‘सॅक्सन स्वित्झर्लंड’. खऱ्या स्वित्झर्लंडशी त्याचा भूगोलाने संबंध नाही. १७६६ साली अंतोन ग्राफ आणि आद्रियान त्सिंग हे दोन स्विस चित्रकार ड्रेस्डेनच्या कला अकादमीत नोकरीला आले. सुटीत कागद-पेन्सिल घेऊन ते या बाजूला भटकत. इथले कडे पाहून त्यांना आपल्या गावाकडची आठवण येई, आणि त्या आठवणीतूनच हे नाव पडले असे सांगतात. घरापासून दूर आलेल्या दोन माणसांच्या सुटीतल्या भटकंतीने एका प्रदेशाला नाव दिले आणि अडीचशे वर्षांनंतरही ते नकाशावर आहे.

उमेदवारी आणि भटकंती यांची सांगड त्या देशात फार जुनी आहे. सुतार, गवंडी यांसारख्या कारागिरांनी उमेदवारी पुरी केल्यावर तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव हिंडत काम शिकायचे, अशी तिथली प्रथा. अशा कारागिरावर कर्ज नसावे, तो अविवाहित असावा, आणि त्या काळात त्याने आपल्या घरापासून पन्नास किलोमीटरांच्या आत पाऊल टाकू नये, असे तिचे नियम. काळ्या जाड कापडाचा पोशाख, रुंद कडेची टोपी आणि वाकडी काठी घेतलेले असे तरुण, आणि आता तरुणीही, आजदेखील तिथल्या रस्त्यांवर दिसतात. हात एका जागी बसून तयार होतो, पण नजर हिंडल्याशिवाय तयार होत नाही, हे त्या कारागिरांच्या पूर्वजांना कळलेले होते.

इथे मला आपल्या बडोद्याचा एक धागा सापडला. बास्ताय ज्या गावाच्या हद्दीत येते त्याचे नाव लोमेन. आमची मुलगी परतीच्या वाटेवर त्या गावातून पायी गेली होती. तिथल्या नळावर पाणी पिऊन पुढे निघाली. गुस्ताव हेर्मान क्रुंबिगेल हा माळी १८६५ साली याच लोमेनमध्ये जन्मला. ड्रेस्डेनजवळच्या पिल्निट्झ येथे त्याने उद्यानविद्येचे धडे घेतले, पुढे इंग्लंडात जाऊन क्यूच्या प्रख्यात वनस्पती-उद्यानात काम केले आणि १८९३ साली तो सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्याला आला. संस्थानाच्या बागांची देखरेख त्याने काही वर्षे केली. १९०८ साली तो बंगळुरूच्या लालबागेत गेला, त्या शहराच्या रस्त्यांवर त्याने झाडे लावली, आणि १९५६ साली तिथेच त्याचा अंत झाला. हे मी तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी उलट्या वाटेने गेले होते!”

आता वडिलांकडे वळते. मुलगी रविवारी बाहेर जाऊ लागली तेव्हा घरी फोनवर ती त्याबद्दल गाळून सांगू लागली. खोटे बोलत नव्हती. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत होती, आणि प्रश्न दोनच असत : काम काय झाले आणि जेवलीस का. महिनाभर असे चालले. त्या महिन्यात तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात ताज्या गोष्टी तिच्या घरच्यांना ठाऊक नव्हत्या. एके दिवशी आईला पाठवलेल्या छायाचित्रांत चुकून त्या बागेतला फोटो गेला. वडिलांनी तो पाहिला. त्यांना स्वतःला गच्चीवरच्या मोगऱ्याचे आणि कढीलिंबाचे वेड. रागावण्याऐवजी त्यांनी विचारले, तिथली माती कशी आहे? काळी की भुसभुशीत? छाटणी केव्हा करतात? त्या दिवशी बापलेक पाऊण तास बोलले. तिच्याच शब्दांत सांगायचे तर परदेशी गेल्यापासून बाबांशी झालेले ते तिचे पहिले बोलणे.

वडिलांची काळजी अनाठायी होती असे मात्र मी म्हणणार नाही. पैसा मोजकाच असतो. पंचवीस सेंट अनामत परत मिळावी म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जपून दुकानातल्या यंत्रात नेऊन टाकणारी ही मुले चैनीला गेलेली नसतात. शिवाय प्रत्येकाला बाग मिळते असेही नाही. भाषेची अडचण असते, काही माणसे तुटक वागतात, सलग चार दिवस पाऊस लागला की खोली खायला उठते. तीन महिन्यांच्या ओळखी जन्मभर टिकतात असेही नाही. पण एकटेपणावर कामाचा उतारा चालत नाही. प्रयोगशाळेत कोंडून घेतलेले मूल थकून परत येते. आणि आपण नक्की कुठे जाऊन आलो हे त्याला सांगता येत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला खरे तर हे सांगावे लागू नये. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आपली घराणी इथे आली ती चाकरीसाठी. दरबारात, फौजेत, कचेरीत आपण कामे केली. परंतु गुजरातेत आपण रुजलो ते कचेरीत नव्हे. संक्रांतीला इथे उत्तरायण म्हणतात हे आपण गच्चीवर शेजाऱ्याच्या फिरकीला हात लावून शिकलो. उंधियूची चव आपल्याला लागली ती त्याच दुपारी. आपल्या मुली नवरात्रात गरबा खेळू लागल्या आणि शेजारच्या पटेलांची मुले आपल्या गणपतीच्या आरतीत झांजा वाजवू लागली. परक्या मुलखाशी माणसाचे नाते रिकाम्या वेळेतच जुळते. तीनशे वर्षांच्या मुक्कामाला जे लागू पडले ते तीन महिन्यांच्या मुक्कामालाही लागू पडते.

म्हणून येत्या उन्हाळ्यात ज्यांची मुले उमेदवारीला निघतील त्या वाचकांना माझे दोन शब्द. मिळणाऱ्या पैशांतला थोडा भाग फिरण्यासाठी म्हणून आधीच बाजूला काढायला सांगा; म्हणजे तो खर्च करताना मुलाला अपराधी वाटणार नाही. पहिल्या शनिवारी दुकाने बंद होण्याआधी रविवारचे दूध, पाव आणि भाजी आणून ठेवायची आठवण करा. रविवारी फोन कराल तेव्हा कामाची चौकशी जरूर करा, पण त्याआधी विचारा की आज कुठे गेलास, कोण भेटले, तिथल्या झाडांना सध्या काय लागले आहे. आणि सामान भरताना मेतकुटाच्या डब्याशेजारी चालायचे एक भक्कम जोडे ठेवायला विसरू नका.